अबोलीच्या जागी केशर

केशर म्हटलं की लोकांना श्रीखंड आठवतं, देवाचं गंध आठवतं. मला आठवतो ओल्या गोणपाटाचा आणि मासळीबाजारातल्या बर्फाचा वास, आणि त्यापाठोपाठ येतो राग. वय झालं की राग निवळतो असं मला पुष्कळ शहाण्या माणसांनी सांगितलं आहे. माझा निवळला नाही. गुडघे गेले, दात गेले, एका कानाने ऐकू येत नाही, पण राग शाबूत आहे. परवा तो पुन्हा उफाळून आला म्हणून मी हे लिहायला बसले आहे, आणि मनाला आवर घालून लिहीन असं वचन मी कुणाला देत नाही.

आमचं घर मद्रासात मैलापूरला, देवळाच्या तळ्यापासून दोन गल्ल्या आत. बोळासारखं लांबलचक घर होतं. पुढे ओटा, मग झोपाळ्याची खोली, मग स्वयंपाकघर, आणि शेवटी विहीर आणि परसू. परसाला आम्ही तमिळ शब्दाने कोल्लै म्हणायचो. सगळी दारं एका रेषेत असल्यामुळे रस्त्यावर उभ्या माणसाला थेट विहिरीचा रहाट दिसायचा, आणि आमच्याकडे काही लपून राहायचं नाही. आमची भाषा तंजावरची मराठी. कावेरीकाठी पिढ्या गेल्यावर तिच्यात तमिळ इतकं मुरलं होतं की पुढे महाराष्ट्रातून नोकरीसाठी इकडे आलेल्या माझ्या नवऱ्याला माझं पहिलं वाक्य दोनदा विचारावं लागलं. हे पुस्तकी मराठी मी त्याच्याकडून शिकले. रागावते मात्र अजून जुन्याच बोलीत.

घरात उजाडायचं ते कॉफीने. अम्मा बिया स्वतः लोखंडी कढईत भाजायची आणि भिंतीला ठोकलेल्या हातयंत्रात दळायची. त्या यंत्राची घरघर, रहाटाची करकर आणि देवळातला नादस्वरम हे तिन्ही आवाज मिसळले की आम्ही उठायचो. पहिल्या पाण्याचं दाट डिकॉक्शन अप्पांना, दुसऱ्या पाण्याचं पातळ आम्हा मुलींना, असा घरचा कायदा होता. माझी थोरली बहीण अंबुजा, म्हणजे अंबू अक्का, तो कायदा रोज मोडायची. अप्पा पेपरात डोकं घालून बसले की ती भांड्यातलं पहिलं डिकॉक्शन आपल्या टंबलरात ओतून घ्यायची आणि त्यांच्या वाट्यात गरम पाणी घालून ठेवायची. अप्पा पिऊन म्हणायचे, आज बिया नीट भाजल्या नाहीत. अम्मा मान खाली घालून वांग्यांच्या रसवांगीला फोडणी द्यायची आणि हसू दाबायची.

अक्का काळी होती. हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळत नाही, पण आमच्या घरात ते कुणी सरळ उच्चारायचं नाही. अप्पा गोरे होते आणि त्यांना त्याचा अभिमान होता. आम्ही दोघी अम्माच्या वळणावर गेलो, अक्का तिच्याहूनही काळी. तिच्याबद्दल बोलताना अप्पा म्हणायचे, "रंग जरा दबलेला आहे, पण मुलगी हुशार." मी पुष्कळ वर्षं या 'पण'वर विचार केला. हुशार मुलीला 'पण' कशाला लागतो? अक्काचे केस मात्र गुडघ्यापर्यंत यायचे. अम्मा म्हणायची, देवाने अबोली केली ती अशाच केसांसाठी.

आणि अबोली होती. विहिरीपलीकडे सांडपाण्याचा ओलावा असायचा, शेजारच्या नारळाची सावली पडायची, तिथे अम्माने अबोलीचा वाफा जपला होता. मधून मरवा, कडेने कोरांटी. अबोलीला वास नसतो म्हणून नाक मुरडणारे लोक मी पाहिले आहेत. पण ती सकाळी माळली तर दिवे लागेपर्यंत मान टाकत नाही, आणि गोऱ्या मानेवर जी फिकी वाटते तीच काळ्या मानेवर पेटून उठते. अम्माला वेणीवर फुलं शिवायची कला येत होती. केळीच्या सोपटाची वेणीएवढी पट्टी कापायची, तिच्यावर फुलं सुईदोऱ्याने ओळीत टाकायची, मग ती पट्टी वेणीवर अशी शिवायची की केस दिसूच नयेत. गल्लीत कुणाची मुलगी नवरी झाली की अम्माला बोलावणं यायचं. आमच्याकडे गरोदर बाईला सातव्या महिन्यात फुलं माळतात, बांगड्या भरतात, तेव्हाही अम्माच लागायची. अक्का लग्न होऊन सासरी गेली, आणि तिला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी अम्माने अबोलीच्या काड्या तोडून आणखी एक ओळ लावली. अंबूची वेणी घरच्या फुलांची होईल, एवढंच ती बोलली, आणि ते ऐकून अक्काने लाजून तोंड फिरवलं. बाकी कुठल्या गोष्टीला अक्का लाजायची नाही.

अक्काचं सासर वेस्ट मांबलमला. तिच्या सासूबाई कावेरीबाई आमच्यासारख्याच तंजावरकडच्या, गोऱ्यापान, आणि तो रंग हीच त्यांची सगळी कमाई. गोड बातमीचं निमित्त करून त्या आल्या, झोपाळ्यावर बसल्या, अम्माने केलेलं गोळ्यांचं सांबार आणि डांगराची दह्यातली पच्चडी त्यांनी दोनदा मागून घेतली. हात धुऊन विडा जुळवता जुळवता त्या म्हणाल्या, "आमच्या घरांत कोणी काळं नाही. अंबूची कॉफी मी बंद केली, रोज केशराचं दूध देतें. पोटांतलं तरी उजळ निघूं दे." अक्का तिथेच भिंतीला टेकून उभी होती. तिच्या तोंडावर, तिच्या आईबापांच्या घरात, असं बोलून ती बाई सुपारी चघळत राहिली.

अप्पा हसले. मला ते हसणं अजून दिसतं. कचेरीत साहेबाने चूक काढली की ज्या प्रकारे ते हसत असतील तसे हसले. एक शब्द, एकच शब्द त्या बाईला सुनवायला हवा होता. माझ्या मुलीबद्दल माझ्या घरात असं बोलू नका, इतकं साधं वाक्य. त्याऐवजी ते म्हणाले, "केशर ना? बाजारचं कशाला घ्यायचं, मी घरीच पिकवून देतों."

त्यांच्या कचेरीतल्या कुणाचा मुलगा लष्करात होता. काश्मीरहून सुट्टीवर येताना त्याने केशराचे कंद पिशवीभर आणले होते आणि बागेचे शौकीन म्हणून ते अप्पांना मिळाले होते. अप्पांची बाग म्हणजे ओट्यावरच्या क्रोटनच्या कुंड्या. पण ते वाचनालयातून बागकामाचं इंग्रजी पुस्तक घेऊन आले, आणि त्यात केशराला क्रोकस म्हणतात असं वाचल्यापासून केशर हा शब्द त्यांनी सोडूनच दिला. माझे क्रोकस. क्रोकसना गारवा लागतो. क्रोकसची माती भुसभुशीत पाहिजे. आमच्या घरात सगळ्यांत गार जागा कुठली, तर विहिरीपलीकडची.

एका रविवारी सकाळी अम्मा देवळात गेली होती. परत आली तेव्हा अबोली, मरवा, कोरांटी, सगळ्याचा ढीग विहिरीच्या कट्ट्यावर पडला होता आणि अप्पा धोतर खोचून माती चाळत होते. अम्माने ढिगातली एक काडी उचलली, तिची मुळं बघितली, आणि ती परत ठेवून दिली. मग ती पाय धुऊन त्यांच्यासाठी कॉफी करायला गेली. बोलले ती मी. चौदा-पंधरा वर्षांची होते आणि तोंड आधीपासूनच फटकळ होतं. अप्पांनी मान वर न करता मला समजावलं की फुलं तळ्याकाठच्या बाजारात ढिगाने मिळतात, क्रोकस कुठे मिळत नाहीत, आणि हे सगळं चाललं आहे ते अंबूसाठीच. या शेवटच्या वाक्याला तोड नव्हती. अंबूसाठी म्हणून अंबूच्या वेणीची फुलं उपटली होती.

कंद लावले आणि पुस्तकातल्या गारव्याचा प्रश्न उभा राहिला. मद्रासचा भाद्रपद, दुपारी विहिरीचा कट्टासुद्धा चटके द्यायचा. अप्पांनी बर्फ आणायचं ठरवलं. लाद्या मिळायच्या त्या मासळीबाजाराजवळ, जिथून कोळी लोक टोपल्यांसाठी न्यायचे. कांद्याची फोडणी एकादशीला नाकात गेली तर चूळ भरणारे आमचे अप्पा सायकलरिक्षात भुशाच्या पोत्यात गुंडाळलेली लादी घेऊन यायला लागले. मागे गल्ली नव्हती, त्यामुळे लादी पुढच्या दाराने आत यायची आणि झोपाळ्याच्या खोलीतून, स्वयंपाकघरातून मागे जायची. अप्पांनी बर्फाला हात लावायचा नाही, कारण त्यांना पूजा करायची असे. ती उचलायची अम्माने आणि मी. मासळीचं पाणी ठिबकत जाई, त्यामागे अम्मा शेणाने जमीन सारवत येई, मग आम्ही दोघींनी परत आंघोळ करायची. संध्याकाळी ती लादी वाफ्याभोवतीच्या चरात फोडून टाकायची आणि वर ओलं गोणपाट पसरायचं. शेजारच्या अलमेलू मामी भिंतीवरून बघायच्या आणि तमिळमध्ये विचारायच्या, आत कुणाला झोपवलंय?

नवरात्रात हिरवी पाती वर आली. आमच्याकडे बाहुल्या मांडल्या होत्या, हळदीकुंकवाला बायका यायच्या, चणे-खोबऱ्याचं सुंडल हातावर घ्यायच्या, आणि अप्पा त्यांना बाहुल्या सोडून मागे क्रोकस बघायला न्यायचे. अलमेलू मामी वाकून बघून म्हणाल्या, हे आमच्या कोल्लैतही आहे, आम्ही त्याला गवत म्हणतो. सगळ्या हसल्या, अप्पाही हसले, पण त्यांचा विश्वास डळमळला नाही. कावेरीबाईंना त्यांनी निरोप पाठवला की फुलं माळायच्या दिवशी दूध आमच्या केशराचं असेल. हा निरोप अक्काला सासरी ऐकावा लागला. ती मला नंतर म्हणाली, "पद्मा, त्या घरांत सगळे माझ्या पोटाकडे बघतांत, जणू भाजायला ठेवलेली कॉफी. किती काळी झाली ते बघायला." असं म्हणून ती हसली.

कार्तिकात आमच्याकडचा पाऊस लागला. इकडे तो दिवाळीनंतरच खरा पडतो, हे मद्रासच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं, पण इंग्रजी पुस्तकात नव्हतं. अप्पांनी वाफ्यात आपली कचेरीची काळी छत्री रोवली, शेजाऱ्यांची मागून आणून आणखी एक रोवली. स्वतः भिजत कामावर गेले. विहीर तोंडापर्यंत आली, पाणी वाफ्यात उभं राहिलं, पाती पिवळी पडली. मी एक कंद बोटाने दाबला तर तो शिजलेल्या लसणासारखा फुटला. फूल एकही आलं नाही. मी अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, विहीणबाईंसमोर तोंड उघडू नकोस.

समारंभाच्या सकाळी अम्मा बाजारातली अबोली घेऊन बसली. आदल्या दिवशीची, पाणी मारून ताजी केलेली. सुई टोचली की देठ तुटायचा. तिने सगळी सकाळ ती पट्टी शिवली, आणि अक्काच्या वेणीला लावताना फुलं गळून पाटावर पडत राहिली. अम्माने ती गोळा केली नाहीत. पुढच्या खोलीत अप्पा पांढरंशुभ्र धोतर-उपरणं घालून बायकांना सांगत होते की पाऊस असूनही थोडं केशर हाती लागलं, प्रमाण कमी आहे पण गुण बघा. मी त्यांना त्याच सकाळी बाजारातून येताना पाहिलं होतं. चिमूटभर केशराची पुडी त्यांनी सदऱ्याच्या खिशातून अम्माच्या हातात दिली होती आणि म्हटलं होतं, दुधात घाल, काही विचारू नकोस. अम्माने घातलं. विचारलं काही नाही.

गाणी झाली, बांगड्या भरल्या. कावेरीबाईंनी चांदीचा टंबलर अक्काच्या ओठांशी नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, माहेरच्या बागेतलं केशर आहे, पी, नातू गोरा होईल. अक्काने टंबलर हातात घेतला. दूध छान पिवळं झालं होतं. तिने त्याकडे बघितलं, मग दाराशी उभ्या असलेल्या अप्पांकडे बघितलं.

"अप्पा," ती म्हणाली, "माझ्यासारखं झालं तर तुम्ही त्याला मांडीवर घ्याल कीं नाही?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. खरंच उत्तर हवं असल्यासारखं तिने विचारलं होतं. अप्पांनी उत्तर द्यायच्या आधी विहीणबाईंकडे पाहिलं. बस्स, एवढंच. माझा जो राग आहे तो सगळा या एका बघण्यावर आहे. अबोली, बर्फ, खोटं केशर हे सगळं मी कदाचित माफ केलं असतं. पोटातलं मूल आपलं म्हणायचं की नाही, हे त्यांनी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर शोधलं, आणि अक्काने ते शोधताना त्यांना पाहिलं.

"मला हें नक्को," अक्का म्हणाली. "अम्मा, मला कॉफी दे."

अम्मा उठली. तिने अक्काच्या हातातून टंबलर घेतला आणि ती स्वयंपाकघरात थांबली नाही, सरळ मागे गेली. सांगितलं ना, आमची सगळी दारं एका रेषेत होती. झोपाळ्याच्या खोलीतल्या प्रत्येक बाईला दिसलं की अम्माने ते दूध विहिरीपलीकडच्या कुजलेल्या वाफ्यात ओतलं, रहाटाच्या पाण्याने टंबलर विसळला आणि चुलीशी आली. मग डिकॉक्शन ओतल्याचा, दूध वरखाली केल्याचा आवाज आला, आणि तो आवाज संपेपर्यंत कुणी हललं नाही. पहिल्या पाण्याची, दाट, फेसाळ कॉफी तिने त्याच चांदीच्या टंबलरात आणली. अक्का ती सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

कावेरीबाई विडा-नारळ न घेता उठून गेल्या. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही. जाता जाता म्हणाल्या, आतां ठेवून घ्या मुलीला. ठेवून घेतली. बाळंतपण झालं, बाळ पालथं पडायला लागलं, रांगायला लागलं, तरी मांबलमहून बोलावणं आलं नाही. भावोजी रविवारी यायचे, ओट्यावर बसायचे, मुलीला खेळवायचे आणि आईचं नाव काढलं की घड्याळ बघायचे. शेवटी त्यांची बदली तिरुचीला झाली तेव्हा ते अक्काला घेऊन गेले. अम्माने तो वाफा समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी स्वतः खणून काढला आणि मामींकडून काड्या आणून अबोली लावली. मूल झालं ती मुलगी, अक्काहून काकणभर काळीच. अम्माने कनकांबरम या अबोलीच्या तमिळ नावावरून तिचं नाव कनका ठेवलं.

अप्पांनी तिला मांडीवर घेतलं. लपवत कशाला, तेही सांगते. बाराव्या दिवशीच घेतलं आणि पुढे तिचे लाड इतके केले की आमचे कधी केले नव्हते. लोक म्हणतात, मग झालं की. मला नाही वाटत झालं असं. मांडीवर घेणं सोपं असतं, तेव्हा खोलीत विहीणबाई नसतात. त्या प्रश्नाचं उत्तर अक्काला त्या दिवशी, त्या बायकांसमोर हवं होतं, आणि ते तिला ती वारली तोवर कुणी दिलं नाही. अप्पा म्हातारपणीसुद्धा म्हणायचे, तो क्रोकसचा प्रयोग पावसाने फसवला.

परवा कनकाचा फोन आला. ती आता साठी ओलांडलेली, शाळेतून निवृत्त झालेली बाई आहे, आवाज अगदी अक्कासारखा. सुनेला सातवा लागतोय म्हणाली, फुलं माळायची आहेत, अबोलीची वेणी शिवणारी कुणी उरली आहे का इकडे. मला किती बरं वाटलं. आणि त्याच दमात तिने विचारलं, "मावशी, अस्सल केशर कुठे मिळतं गं? सूनबाई जरा सावळी आहे ना."

मी तिला तिच्या आईची गोष्ट सांगितली, ही सगळी, बर्फापासून चांदीच्या टंबलरापर्यंत. तिला कुणी सांगितलीच नव्हती. अक्काने मुलीच्या कानावर तो प्रश्न पडू दिला नव्हता. मग कनकाने हळूच विचारलं, "मग आजोबा काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले," मी सांगितलं. "आतां तूं सांग."